जत्रेतला तंबू आणि हॉरर फिल्म : आपण नेमकं कोणाला घाबरतो?

ऑक्टोबर संपत आला की मोबाइलवर हॅलोविनच्या छोट्या हॉरर फिल्म्स फिरायला लागतात. त्यातला एक प्रकार तुम्ही नक्की पाहिला असेल. रात्रीची जत्रा, कोपऱ्यात मळकट तंबू, दारात ओरडून गर्दी जमवणारा माणूस, आणि आत असं काहीतरी, की बघायला गेलेला परत येत नाही.

हॅलोविन ३१ ऑक्टोबरचा, पाश्चात्त्य देशांतला. पण हा तंबू काही आपल्याला परका नाही. शेलूहून खोपोली लोकलने शेवटचं स्टेशन गाठलं की जवळच साजगाव. तिथे कार्तिकात बोंबल्या विठोबाची यात्रा भरते, सुक्या मासळीच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातल्या अशा मोठ्या जत्रांमध्ये आकाशपाळणे आणि मौत का कुआँ यांच्या बाजूला ‘नागकन्या’ किंवा ‘धड नसलेली मुलगी’ असा बोर्ड लावलेला तंबू अनेकांनी लहानपणी पाहिलेला असतो.

साइडशो म्हणजे काय?

सर्कस किंवा जत्रेच्या मुख्य खेळाच्या बाजूला, वेगळं तिकीट लावून चालणारा छोटा खेळ म्हणजे साइडशो. १९व्या शतकात अमेरिका आणि युरोपात त्याचा मोठा धंदा झाला. अमेरिकेतल्या पी. टी. बार्नमने १८४२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक ‘जलपरी’ दाखवली. प्रत्यक्षात ते माकडाचं धड आणि माशाची शेपूट जोडून केलेलं होतं. लोकांनी तरीही गर्दी केली.

साइडशोत दोन गोष्टी चालायच्या. एक, हातचलाखी. दुसरी, वेगळ्या शरीराची खरी माणसं लोकांसमोर उभी करणं. हॉरर फिल्म्सना दोन्हींतून गोष्टी मिळाल्या.

टेबलावरचं मुंडकं बोलतं कसं?

ही युक्ती १८६५ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये ‘स्फिंक्स’ नावाने गाजली. टेबलाला तीन पाय. एक पाय प्रेक्षकांच्या बाजूला, दोन मागे. पुढच्या पायापासून मागच्या दोन्ही पायांपर्यंत तिरके आरसे बसवलेले. आरशात बाजूचे पडदे दिसतात, पण मागचा पडदाही तसाच असल्यामुळे आपल्याला वाटतं की टेबलाखाली काहीच नाही. माणूस आरशांच्या मागे बसलेला असतो आणि टेबलाच्या भोकातून फक्त डोकं वर काढतो.

तंबूत दोरी बांधून तुम्हाला लांब उभं करतात, त्याचं कारणही हेच. जवळ गेलात तर आरशात तुमचेच पाय दिसतील.

नागकन्येचा खेळ याच जातीचा. डोकं खऱ्या मुलीचं, खालचं सापाचं अंग कापडाचं किंवा रबराचं. डोळ्यांसमोर मुलीचं जनावर होताना दाखवायचं असेल तर तिरकी काच वापरतात. एका बाजूचा दिवा मंद करत दुसऱ्या बाजूचा वाढवला की काचेत एक आकृती विरते आणि दुसरी उमटते. १८६२ मध्ये लंडनमध्ये दाखवलेल्या या युक्तीला ‘पेपर्स घोस्ट’ म्हणतात.

सिनेमाशी याचा काय संबंध?

खूप जवळचा. भारतीय सिनेमाचे जनक दादासाहेब फाळके स्वतः जादूचे प्रयोग करायचे. आपलं आडनाव उलटं करून त्यांनी ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव घेतलं होतं. पुढे गावोगावच्या जत्रांमध्ये तंबूतल्या टुरिंग टॉकीजने सिनेमा पोहोचवला.

जगातल्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या हॉररपटांपैकी एक, १९२० चा जर्मन ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी’, जत्रेतल्या तंबूतच घडतो. कॅलिगरी पेटीत झोपलेल्या एका माणसाचा खेळ लावतो. तो माणूस उठून प्रेक्षकांचं भविष्य सांगतो आणि गावात खून पडायला लागतात. आज रीलमध्ये दिसणारं तंबू, सूत्रधार आणि पेटी हे सगळं तिथे शंभर वर्षांपूर्वीच होतं.

मग राक्षस कोण?

खरा प्रश्न इथे येतो. १९३२ मध्ये टॉड ब्राउनिंगने ‘फ्रीक्स’ काढला आणि त्यात साइडशोमध्ये काम करणारे खरे अपंग कलाकार घेतले. गोष्टीत दुष्ट ठरतात ती दिसायला सुंदर, धडधाकट माणसं. बुटक्या कलाकाराशी त्याच्या पैशासाठी लग्न करणारी बाई त्याला विष पाजू लागते. पण शेवटी चिखलातून सरपटत येणाऱ्या कलाकारांकडे बघून प्रेक्षकाने घाबरावं, हेही सिनेमाला हवंच आहे. ब्रिटनमध्ये त्याच्यावर सुमारे ३० वर्षं बंदी होती. त्यात माणुसकी आहे की शोषण, हा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्याकडे हा विषय आता कायद्यातही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ९२ नुसार दिव्यांग व्यक्तीचा सार्वजनिक ठिकाणी मुद्दाम अपमान केला तर ६ महिने ते ५ वर्षं तुरुंगवास होऊ शकतो. ८ जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सिनेमातल्या दिव्यांगांच्या चित्रणाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं दिली. दिव्यांगांना हिणवणारा विनोद आणि त्यांना समजून घ्यायला मदत करणारा विनोद यांत न्यायालयाने फरक केला, आणि चित्रण ठरवताना त्यांनाही सामील करून घ्यावं, असं सांगितलं.

तुम्ही अशी फिल्म करत असाल तर

तंबूची फिल्म कमी पैशांत होते. एक बल्ब, एक पडदा, एक दोरी आणि गर्दीचा आवाज एवढं पुरतं. पण ‘तंबूत वेगळ्या शरीराचं कोणीतरी आहे, म्हणून घाबरा’ एवढ्यावरच गोष्ट संपत असेल, तर तुम्ही बार्नमचंच तिकीट विकताय.

कॅमेरा एकदा पलीकडे नेऊन बघा. आरशामागे तासन्‌तास मान न हलवता बसलेली मुलगी. तिच्यासमोर दर पाच मिनिटांनी नवी गर्दी. कोणी हसतंय, कोणी खडा मारतंय, कोणी फोन काढून शूट करतंय. तिला दिसतात ते आपले चेहरे, आणि ते तिला दोरीच्या आतून बघायचे असतात.