वसई ‘पडली’ की ‘पाडली’? : क्रियापदांत दडलेला इतिहास

१/ भाईंदरहून रेल्वे उत्तरेस निघाली की वसईची खाडी लागते. खाडीच्या मुखाशी पलीकडे वसईचा किल्ला, तर अलीकडे, भाईंदरच्या बाजूस, धारावी बेट. १७३९ चा संग्राम या दोन्ही तीरांवर झाला. इंग्रजी ग्रंथांत मात्र त्याचा शेवट बहुधा एकाच शब्दात होतो : ‘फॉल’.

२/ खाली येण्यासाठी इंग्रजीत ‘फॉल’ व ‘ड्रॉप’ ही दोन जवळची क्रियापदे आहेत. झाडावरच्या फळाला दोन्ही चालतात. मात्र हातातली वस्तू कोणी खाली टाकली, तर तेथे ‘ड्रॉप’च लागते, ‘फॉल’ला कर्म चालत नाही. शहर वा किल्ला शत्रूच्या हाती गेला की इंग्रजी ‘फॉल’ म्हणते. कोणी घेतला, हे त्या क्रियापदात येत नाही.

३/ मराठीत हा भेद एका कान्याने होतो. मरणे-मारणे, तरणे-तारणे, तसेच पडणे-पाडणे. शिवाय ‘उतरणे’ आहेच : तोल सांभाळून, स्वतःच्या पायांनी खाली येणे.

४/ आता घटना पाहू. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व घोडबंदर घेतले. मार्च १७३९ मध्ये धारावीचा किल्लाही हाती आला आणि खाडीच्या दक्षिण तीरावरून वसईला मिळणारा आधार तुटला. वेढ्याचे नेतृत्व चिमाजीअप्पांकडे होते.

५/ मे महिन्यात तटबुरुजांखालचे सुरुंग उडाले. खिंडारांतून हल्ले झाले, परतवले गेले, पुन्हा झाले. हजारो मराठे कामी आले. येथे ‘बुरूज पडला’ असे लिहिणे अपुरे आहे. तोफांच्या माऱ्याखाली ज्यांनी भुयारे खणली, त्यांनी तो पाडला.

६/ तरीही ‘वसई पाडली’ एवढ्यानेही चित्र पुरे होत नाही. १६ मे १७३९ रोजी (नव्या पंचांगानुसार) तहाची कलमे ठरली. पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, नगारे वाजवीत बाहेर पडण्याची मुभा मिळाली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना उपासनेचे स्वातंत्र्य मिळाले. २३ मे रोजी शिबंदी निघाली. निशाण पडले नाही, कराराने उतरले.

७/ म्हणजे एकाच वेढ्यात तिन्ही क्रियापदे खरी आहेत : बुरूज पाडले, सैनिक पडले, निशाण उतरले. यांतले एकच निवडले, तर कोणीतरी इतिहासातून गळते. ‘पतन’ म्हटले की सुरुंग खणणारा दिसेनासा होतो. केवळ ‘विजय’ म्हटले की तहाची कलमे आणि त्यांच्या आधाराने येथेच राहिलेली माणसे दिसेनाशी होतात.

८/ उत्तन, डोंगरी, पाली, चौक या गावांतील ख्रिस्ती वस्ती आजही नांदती आहे. ‘फॉल ऑफ बसीन’ हे शीर्षक वाचताना तिचीही आठवण ठेवावी. साधनग्रंथ वाचताना तारखांइतकेच लक्ष क्रियापदांकडे असू द्यावे : कर्ता कोण, आणि लेखकाने तो का वगळला?