टीव्हीवरच्या तक्रारीची कुळकथा

पोलादपुरात रात्रीच्या वेळी केबलवर अश्लील किंवा तेढ माजवणारं काही लागलं, तर हरकत घ्यायला मुंबई-दिल्ली गाठावी लागत नाही. महाडच्या प्रांतांकडे लेखी अर्ज देता येतो. जिल्हाधिकाऱ्यांप्रमाणेच उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजेच प्रांतही, केबल कायद्यानुसार ‘प्राधिकृत अधिकारी’ असतात, आणि महाड-पोलादपूर हे दोन्ही तालुके महाड उपविभागात येतात.

तक्रारीचा हा पत्ता इतका जवळ यायला बराच काळ लागला.

दूरदर्शन एकटंच होतं तेव्हा नाराज प्रेक्षकापुढे पत्र पाठवणं किंवा कोर्टाची पायरी चढणं, एवढेच मार्ग होते. १९८८ साली दूरदर्शनवरची ‘तमस’ ही मालिका थांबवण्यासाठी याचिका झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि प्रक्षेपणाला मोकळीक दिली. सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. आधी पाहायचं, मग ठरवायचं, हा पायंडा मोलाचा होता.

त्याच वर्षीचं दुसरं प्रकरण अस्सल मराठी मातीतलं. ‘होनी अनहोनी’ ही मालिका अंधश्रद्धा पसरवते, म्हणून लोकविज्ञान संघटना उच्च न्यायालयात गेली. तिथे अंतरिम मनाई मिळाली, पण सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली. समाजाचं नुकसान होईल असं नुसतं म्हणून भागत नाही, तसं दाखवणारं काही पुढे ठेवावं लागतं, असा निकालाचा रोख होता. संघटना हरली खरी, पण तिचा मुद्दा मेला नाही. १९९४च्या केबल नियमांतल्या कार्यक्रम संहितेत अंधश्रद्धेला उत्तेजन देणाऱ्या कार्यक्रमांना मनाई आहे.

हे नियम आले ते केबलच्या धुमाकुळामुळे. १९९१च्या आखाती युद्धानंतर छपरांवर डिश चढल्या, गल्लोगल्ली तारा लोंबू लागल्या. अमेरिकेत गावाने मागणी केली तर केबल कंपनीला रहिवाशांसाठी एखादी वाहिनी राखून ठेवावी लागते. आपल्याकडची ‘लोकल’ वाहिनी मात्र केबलवाल्याची स्वतःची. त्याच्या खोलीतल्या व्हीसीपीत कॅसेट सरकवली की घरोघरी सिनेमा सुरू. काय लावायचं ते तोच ठरवणार आणि महिन्याचे पैसे घ्यायलाही तोच दारात येणार. अशा ओळखीच्या माणसाविरुद्ध लेखी तक्रार करणं लहान गावात किती अवघड असतं, हे शहरात बसून कळत नाही. म्हणूनच नोंदणीची अट महत्त्वाची ठरली. मुख्य टपाल कार्यालयात नोंदणी केल्याशिवाय केबल चालवता येईना आणि तक्रारीला एक नोंदलेलं नाव मिळालं.

पुढचा धक्का मुंबईतून बसला. सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्राध्यापक प्रतिभा नैथानी यांनी टीव्हीवरच्या प्रौढांसाठीच्या चित्रपटांविरुद्ध जनहित याचिका केली. त्या लढ्यानंतर २००६ साली नियम बदलला. सर्वांनी पाहण्याजोगं प्रमाणपत्र असलेलाच सिनेमा केबलवर दाखवता येईल, असं ठरलं. एका शिक्षिकेच्या चिकाटीचा परिणाम तालुक्याच्या गावातल्या पडद्यापर्यंत पोचला.

फेब्रुवारी २००८मध्ये केंद्राने जिल्हा देखरेख समित्यांची रचना ठरवून दिली. जिल्हाधिकारी अध्यक्ष, पोलीस अधीक्षक, जिल्हा माहिती अधिकारी, महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य, शिवाय स्त्रिया आणि मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी. रचना चांगली आहे. रायगडची समिती अर्थातच अलिबागची, महाड-पोलादपूरकरांना लांब पडणारी, त्यामुळे प्रांत कार्यालयाचं दार इथे जास्त कामाचं.

२०२१पासून उपग्रह वाहिन्यांसाठी तीन पायऱ्या आहेत. तक्रार आधी वाहिनीकडे द्यायची. तिने चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा. समाधान झालं नाही तर वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे आणि शेवटी केंद्र सरकारकडे जायचं. केबलवाल्याच्या स्वतःच्या वाहिनीबद्दलचा अर्ज मात्र प्रांतांकडेच न्यावा. त्यात वाहिनी, तारीख, वेळ आणि नेमकं काय दाखवलं, हे लिहिलेलं हवं. सोबत मोबाइलवर केलेलं चित्रण असेल तर उत्तमच.