वैरणीचा दुष्काळ, बीड प्रदेशातील

बालाघाटच्या डोंगररांगांवर व त्यांच्या पायथ्याशी पसरलेल्या बीड प्रदेशात पाऊस बेभरवशाचा असल्याने धान्याच्या दुष्काळाबरोबर वैरणीचा दुष्काळही वारंवार पडत आला आहे. येथील मुख्य वैरण म्हणजे ज्वारीचा कडबा. एकाच ताटापासून माणसाला दाणा व जनावराला कडबा मिळत असल्यामुळे पीक बुडाले, की दोघांचीही उपासमार एकदम सुरू होते. त्यातही घोड्याचे हाल विशेष होतात. तो रवंथ करणारा प्राणी नसल्याने निकस चाऱ्यावर जगायचे, तर तो चारा त्याला अधिक लागतो. बुरशी आलेल्या कडब्याने त्याला पोटशूळ होतो. शिवाय स्वारीच्या घोड्याला हरभऱ्याची वा कुळथाची चंदी द्यावी लागे, म्हणजे तो माणसाच्याच अन्नात वाटेकरी होई.

याचा ठळक दाखला १६३०–३२ च्या दुष्काळात मिळतो. मोगल सरदार खानजहान लोदी याने बंड करून निजामशाहीचा आश्रय घेतला व तो बीड परगण्यात येऊन राहिला. त्याच्या पारिपत्यासाठी शाहजहान १६३० मध्ये बुऱ्हाणपुरास आला. त्याच वर्षी दक्षिणेत व गुजरातेत पाऊस पडला नाही. आझमखानाच्या हाताखालील मोगल फौजेने खानजहानास बीडजवळून हुसकावले आणि १६३१ च्या प्रारंभी धारूरचा किल्ला घेतला. मात्र त्यानंतर परांड्यास घातलेला वेढा तिला उठवावा लागला. अब्दुल हमीद लाहोरीच्या बादशाहनाम्यात याचे कारण गवत व वैरण यांची टंचाई असे दिले आहे. फौज धारूरला परतली. तटबंदीने जे साधले नसते, ते येथे उजाड माळाने साधले, असे म्हणता येईल.

वैरण आणण्यासाठी छावणीतून निघणाऱ्या टोळीस ‘कही’ म्हणत. दुष्काळात कही दूरवर जाई आणि कुणब्याने बैलांसाठी राखलेल्या गंजी उचली. बैल गेला, की पुढील पेरणीही गेली. पाऊस परतल्यावरही दुष्काळ लांबत असे, त्याचे हे एक कारण होय. बखरकारांनी व तवारीखकारांनी फौजेच्या हालांची नोंद ठेवली, कुणब्याच्या गंजीची क्वचितच. शिवाजी महाराजांनी १६७० नंतरच्या दशकात चिपळूणनजीकच्या लष्करास लिहिलेले पत्र या दृष्टीने अपवादात्मक आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण बेताने वापरावी आणि रयतेच्या गवताच्या काडीसही हात लावू नये, अशी ताकीद त्यात आहे.

एकोणिसाव्या शतकानंतर घोडदळे ओसरली, वैरणीची टंचाई मात्र राहिली. १९७२ च्या दुष्काळात अनेकांनी जनावरे मिळेल त्या किमतीस विकली. २०१२–१३ व २०१८–१९ मध्ये शासनाच्या अनुदानावर जिल्ह्यात चारा-छावण्या चालल्या. उसाचे वाढे हा त्यांतील मुख्य आधार. या छावण्या प्रामुख्याने गाई, बैल व म्हशी यांच्यासाठी होत्या. घोडा आता येथे मुख्यत्वे धनगरांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहणाऱ्या तट्टाच्या रूपात आढळतो आणि मेंढरांमागून चाऱ्याच्या शोधात हिंडतो.