पिकअपचे ब्रेक : बदलावेत की जपावेत?

जुन्नर, नाशिक किंवा पुण्याच्या परिसरातून रात्री भाजीपाला भरून निघालेला पिकअप पहाटे मुंबईच्या बाजारात पोहोचतो, तो माळशेज, कसारा किंवा बोरघाट उतरूनच. या उतारावर एखाद्या वळणापाशी ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल गेले, की चालकाच्या मनात पहिला विचार येतो तो ब्रेक बदलण्याचा. मोठ्या डिस्क, मागच्या ड्रमच्या जागी डिस्क, महागडे पॅड असे अनेक पर्याय गॅरेजमध्ये सुचविले जातात. मात्र हा खर्च करण्यापूर्वी आपल्या वाहनाच्या ब्रेकची नेमकी तक्रार कोणती, हे ओळखणे आवश्यक आहे. निदान चुकले तर पैसे जातातच, शिवाय धोका होता तसाच राहतो.

ब्रेकचे काम उष्णतेचे

ब्रेक वाहनाच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करतात. वजन दुप्पट झाले तर ही ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. मालासह तीन टन वजनाचा पिकअप ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्याला थांबविताना सुमारे ४१७ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. ताशी ८० किलोमीटर वेगाला हाच आकडा ७४० किलोज्यूलच्या घरात जातो.

घाटाचा हिशेब याहून वेगळा आहे. तोच पिकअप ५०० मीटर उंची उतरतो, तेव्हा जवळपास १४,७०० किलोज्यूल ऊर्जा कुठे तरी जिरवावी लागते. ताशी ६० किलोमीटर वेगावरून पस्तीस वेळा पूर्ण थांबण्याइतकी ही ऊर्जा आहे. एवढ्या उष्णतेत सुमारे ४८ लिटर पाणी उकळीला येईल. यातील काही वाटा हवा, टायर आणि इंजिन घेतात. चालकाने वरचा गिअर ठेवून किंवा गाडी न्यूट्रल करून उतार घेतला, तर इंजिनचा वाटा जवळजवळ नाहीसा होतो आणि सारा भार ब्रेकवर पडतो.

आपल्याकडील बहुतेक पिकअपना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. ड्रम तापला की प्रसरण पावून आतील लायनरपासून दूर जातो. त्यामुळे पेडल अधिक खोल दाबावे लागते. अतितापलेल्या लायनरची आणि पॅडची पकडही कमी होते. ब्रेक ऑइल उकळले तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ते दाबले जातात, पण चाकापर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही. घाटात ‘ब्रेक फेल झाला’ असे म्हटले जाते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

दोष कोणता, उपाय कोणता?

पेडल स्पंजासारखे लागत असेल, तर ऑइलमध्ये हवा असण्याची शक्यता असते. पाय ठेवल्यावर ते हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडर किंवा गळती तपासावी लागते. पेडल दगडासारखे कठीण झाले असेल, तर व्हॅक्यूम बूस्टर, त्याची नळी किंवा पंप यांच्याकडे पाहावे. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर अडकलेला कॅलिपर, लायनरवर सांडलेले तेल किंवा टायरमधील असमान हवा यांची शंका घ्यावी. यांपैकी एकाही दोषावर मोठी डिस्क हा उपाय नाही. हे सर्व दोष मूळ भाग दुरुस्त करून किंवा बदलून दूर होतात.

‘गाडी लवकर थांबत नाही’ ही तक्रार असेल, तर टायरपासून सुरुवात करावी. वाहन अखेर थांबते ते टायर आणि रस्ता यांच्यातील पकडीमुळे. पूर्ण भार असतानाही ब्रेक चाके जखडू शकत असतील, तर अधिक ताकदीच्या ब्रेकमुळे थांबण्याचे अंतर कमी होणार नाही. झिजलेल्या टायरवर बसविलेली महागडी डिस्क ओल्या रस्त्यावर काहीच साधत नाही.

ब्रेक ऑइलकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ३ श्रेणीच्या ताज्या ऑइलसाठी ही मर्यादा किमान २०५ अंश सेल्सिअस असते. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ती १४० अंशांपर्यंत खाली येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ अंश आहेत. निर्मात्याने सांगितलेल्या श्रेणीचे ऑइल ठरल्या मुदतीत बदलणे ही घाटातून नियमित जाणाऱ्या वाहनासाठी स्वस्त आणि परिणामकारक सुधारणा ठरते. सिलिकॉनचे डॉट ५ मात्र यात कधीही मिसळू नये.

पाट्यांचा छुपा परिणाम

अधिक माल भरता यावा म्हणून मागच्या कमानीत जादा पाटे टाकण्याची पद्धत सर्रास आढळते. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारा वाल्व असतो. गाडी मागून किती दबली यावरून तो भाराचा अंदाज घेतो. पाटे वाढविल्यावर गाडी पूर्वीइतकी दबत नाही. वाल्व तिला हलकी समजतो आणि मागच्या चाकांना कमी दाब देतो. परिणामी ब्रेकचे बहुतेक काम पुढच्या डिस्कवर येते आणि त्या लवकर तापतात. मालक ब्रेकला दोष देतो. मूळ कारण पाट्यांत आणि जादा भारात असते.

मागे डिस्क बसविण्याचा मोहही असाच फसवा आहे. ब्रेकचा पुढचा-मागचा तोल बिघडला, तर रिकाम्या पिकअपची हलकी मागची चाके आधी जखडतात आणि गाडी गिरकी घेऊ शकते. मास्टर सिलिंडरची क्षमता आणि हँडब्रेकची स्वतंत्र व्यवस्था हे प्रश्नही त्यासोबत येतात.

कायद्याची चौकट

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे. त्यामुळे मूळ आकाराचे, पण दर्जेदार पॅड, लायनर आणि होज बसविणे एक. ब्रेकची रचनाच बदलणे दुसरे. दुसऱ्या मार्गाने जायचे असल्यास निर्मात्याचे अधिकृत केंद्र आणि परिवहन कार्यालय यांच्याकडे आधी विचारणा करणे शहाणपणाचे.

निर्णय कसा घ्यावा?

प्रथम टायर, ऑइल, पॅड, लायनर, सिलिंडर आणि भारवाल्व तपासून मूळ ब्रेक पूर्ण क्षमतेला आणावेत. त्यानंतर मंजूर भार भरून आणि दुसऱ्या किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये घाट उतरून पाहावा. उतारावर इंजिन बंद करू नये. बूस्टरची मदत एक-दोन दाबांत संपते. एवढे करूनही मंजूर भारात ब्रेक वारंवार तापून कमजोर होत असतील, तर उष्णता अधिक सोसणाऱ्या, गाडीला मान्य असलेल्या पॅडचा विचार करावा. आणि रोजचा माल मंजूर भारापेक्षा जास्तच असेल, तर मोठ्या ब्रेकऐवजी मोठ्या गाडीचा हिशेब मांडावा. ब्रेक वाढविल्याने गाडीची चौकट, धुरा आणि टायर यांची क्षमता वाढत नाही; आणि घाटाच्या शेवटच्या वळणावर कसोटी लागते ती या सर्वांची एकदम.