जाड गादीच्या विरोधात

रिजिड फ्रेमची, म्हणजे मागच्या चाकाला शॉकअब्सॉर्बर नसलेली, मोटारसायकल बांधून घेणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो. फ्रेम कडक आहे, तेव्हा सीट मऊ घ्या. फोम जितका जाड, तितकी पाठ सुरक्षित. असे सांगणारे लोक अनुभवी असतात. म्हणून त्यांची बाजू आधी पुरती मांडतो. निवाडा वाचकांनी करावा.

पूर्वपक्ष असा. मागचे चाक फ्रेमला थेट जखडलेले, त्यामुळे खड्ड्याचा दणका लोखंडातून सरळ वर येतो. खड्डा आणि स्वार यांच्यामध्ये उरते ती टायरमधली हवा आणि सीट. हवा एका मर्यादेखाली उतरवता येत नाही. मग बाकीचा सगळा भार सीटवर पडतो, आणि मऊ वस्तू दणका गिळते हा सर्वांचा अनुभव आहे. शिवाय फोम इंजिनाची थरथर खरोखरच अडवतो. मिनिटाला ३००० फेरे घेणारे इंजिन सेकंदाला ५० वेळा थरथरते. ती थरथर बऱ्यापैकी फोममध्ये विरते. एवढे मी निर्विवाद मान्य करतो.

पण रिजिड फ्रेमवर पाठ धरते ती या थरथरीमुळे का? बसलेल्या माणसाला उभ्या दिशेने हलवले, तर सेकंदाला साधारण ४ ते ६ हेलकाव्यांना त्याचे धड सर्वांत जास्त साथ देते. शरीराला बसणाऱ्या कंपनांचे मोजमाप ठरवणारे आयएसओ २६३१ हे आंतरराष्ट्रीय मानकही याच पट्ट्याच्या आसपासच्या उभ्या कंपनांना सर्वाधिक महत्त्व देते. आता रस्त्याकडे पाहा. ताशी ४० किलोमीटरच्या वेगात दर दोन मीटरला एक उंचवटा आला, तर सेकंदाला साडेपाच धक्के बसतात. खरा शत्रू इथे आहे, पन्नासाच्या थरथरीत नाही.

या शत्रूपुढे गादी काय करते? गादी हीही एक स्प्रिंगच, आणि स्प्रिंग स्वाराच्या वजनाने किती दबते, यावर तिची स्वतःची लय ठरते. १० मिलिमीटर दबणारी सीट सेकंदाला ५ वेळा डोलते, २५ मिलिमीटर दबणारी तीनच्या थोडी वर, ४० मिलिमीटर दबणारी अडीच वेळा. आणि कोणतीही सीट धक्का कमी करू लागते ती स्वतःच्या लयीच्या सुमारे १.४ पटीपुढे. त्याखाली ती धक्का कमी करत नाही, वाढवते. म्हणजे सेकंदाला पाचाचा धक्का अडवायचा, तर सीट नुसत्या वजनाने निदान २० मिलिमीटर दबायला हवी, आणि त्यानंतरही खाली जायला जागा उरायला हवी.

दोन इंची फोमकडे ती जागा असते का? बैठकीच्या दोन हाडांखाली सगळा भार एकवटतो, फोम तिथे आधीच चेपलेला असतो, आणि चेपलेला फोम झपाट्याने कडक होतो. पुढचा खड्डा थेट खालच्या पत्र्यावर लागतो. दुकानात अंगठ्याने दाबून मऊ लागलेली गादी तासाभराने दगड का होते, त्याचे उत्तर हे आहे. अंगठा म्हणजे स्वाराचे वजन नव्हे.

इतिहासाची साक्ष काढू. हार्ले-डेव्हिडसनने १९१२ साली सीटचा खांब फ्रेमच्या उभ्या नळीत स्प्रिंगवर तरंगता ठेवला. खाली जाण्याला स्प्रिंग, उलट उसळीला वेगळी स्प्रिंग. कंपनीच्या मोठ्या गाड्यांना मागे सस्पेन्शन मिळाले ते १९५८ च्या ड्युओ-ग्लाइडवर. तोवर पोलीस आणि टपालवाले याच तरंगत्या सीटवर दिवस काढत होते. दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्टन १६ एच आणि बीएसए एम २० या कडक फ्रेमच्या लष्करी गाड्या पाहा. स्प्रिंगांवर ताणलेले रुंद खोगीर, आणि जाड गादी कुठेच नाही. रोज गाडीवर बसणाऱ्यांसाठी ज्यांनी सीट बांधल्या, त्यांनी भरवसा हालचालीवर ठेवला.

यावर कोणी म्हणेल, आमच्या सीटखालीही दोन स्प्रिंगा आहेत. आहेत, पण आखूड आणि ताठ, शोभेच्या. बसल्यावर त्या दहा मिलिमीटर हलल्या, तर वरच्या हिशेबाने नेमक्या धडाच्या लयीवर येऊन थांबल्या. अशी स्प्रिंग नसलेली बरी! उलटपक्षी लांब, सैल स्प्रिंगला उसळी रोखणारे काही नसेल तर ती स्वाराला वर फेकते, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर उलट उसळीची स्प्रिंग किंवा रबरी दट्ट्या. जाड फोम नव्हे.

सीट कुठे बसवली, हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. दीड मीटर लांबीच्या व्हीलबेसवर मागच्या आसाच्या ३०० मिलिमीटर पुढे बसलेल्या स्वाराला मागच्या चाकाच्या हालचालीतला ८० टक्के वाटा मिळतो. ५०० मिलिमीटर पुढे बसला, तर सुमारे ६७ टक्के. फेंडरवर मागे सरकवलेली देखणी सीट स्वाराला दणक्याच्या जवळ नेते. त्यात फूटरेस्ट हात लांबवावा तसे पुढे गेले, तर खड्ड्यावर पायांवर उभे राहण्याची सोयही जाते आणि सगळे वजन माकडहाडावर येते.

तेव्हा सीट निवडताना मोजपट्टी सोबत न्यावी. नेहमीच्या कपड्यांत, पाय फूटरेस्टवर ठेवून बसावे आणि सीट किती दबली ते दुसऱ्याकडून मोजून घ्यावे. पंचवीसच्या आसपास दबली आणि खाली फेंडरपर्यंत तेवढीच जागा उरली, तर पुढचे बोलणे करावे. बैठक रुंद, टणक तळाची. वर बारीक, दाट फोम पुरतो. स्वार बदलला, वजन बदलले, तर स्प्रिंगही बदलावी लागते.