गॅरेजच्या आधीची गोष्ट

पर्सनल कॉम्प्युटरचा विषय निघाला की आपण थेट स्टीव्ह जॉब्सच्या गॅरेजमध्ये जाऊन बसतो. मला मात्र एड रॉबर्ट्स आठवतो.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कला त्याची मिट्स नावाची कंपनी होती. कॅल्क्युलेटरचे किट विकायची. मोठ्या कंपन्यांनी भाव पाडले आणि १९७४ पर्यंत हा गडी कर्जात बुडाला. तरी बँकेकडून आणखी कर्ज काढून त्याने इंटेलच्या ८०८० चिपवर 'अल्टेअर ८८००' बनवला. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या कव्हरवर तो झळकला. गंमत म्हणजे फोटोतला डबा रिकामाच होता, कारण खरा नमुना पाठवताना वाटेतच हरवला! किट ३९७ डॉलरला. ना कीबोर्ड, ना स्क्रीन. मेमरी फक्त २५६ बाइट. पण ऑर्डरी हजारोंनी आल्या.

तोच अंक बघून पॉल अॅलन आणि बिल गेट्स यांनी अल्टेअरसाठी बेसिक लिहिली. मायक्रोसॉफ्टचा जन्म तिथलाच. १९७७ मध्ये रॉबर्ट्सने मिट्स पर्टेक कंपनीला विकली. बेसिक विकायचा हक्क कुणाचा, हे भांडण लवादापुढे गेलं आणि गेट्स-अॅलन जिंकले. माझ्या मते पुढचा पैसा कुठे जाणार हे तिथेच ठरलं. डबे काय, कुणीही बनवू लागलं. बेसिक घ्यायला मात्र बरेच जण या दोघांच्याच दारात आले.

रॉबर्ट्स? तो जॉर्जियात गेला, शेती केली, मग चाळिशी उलटल्यावर चक्क डॉक्टर झाला आणि कॉकरन नावाच्या छोट्या गावात पेशंट तपासत राहिला. २०१० मध्ये तो शेवटच्या आजारात होता तेव्हा गेट्स त्याला हॉस्पिटलात भेटून गेला.