दोरीच्या पलीकडे

शनिवारी सकाळी स्लाऊच्या ओल्या मैदानावर मी आधी दोरी बांधतो. पालकांनी तिच्यामागे उभं राहायचं. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं 2008 मध्ये ‘रिस्पेक्ट’ मोहीम काढली, तिची ही देणगी. बापलोक दोरीवरून वाकून ओरडतातच, ते सोडा.

मी पोरांच्या क्लबाचा वेल्फेअर ऑफिसर, म्हणजे पोरांची सुरक्षितता बघणारा, बिनपगारी. वाढलो कोल्हापुरात. तिथं सरावाला थोरल्यानं कानाखाली काढली तरी घरी सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर दुसरी बसायची. इथंही प्रशिक्षक म्हणजे देवमाणूस, पोराला मोठ्या क्लबात नेणारा. असोसिएशनचं बालसंरक्षण धोरण आलं 2000 साली. पण कुलूप फुटलं नोव्हेंबर 2016 मध्ये. अँडी वुडवर्ड या माजी खेळाडूनं लहानपणी प्रशिक्षकानं केलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल जाहीर सांगितलं आणि मागोमाग शेकडो जण बोलते झाले. फुटबॉलमधल्या अशा अत्याचारांवरच्या 2021 च्या शेल्डन अहवालानं 1970 ते 2005 चा काळ तपासला. 1995 पासून ते धोरण येईपर्यंत जवळपास पाच वर्षं असोसिएशननं पुरेशी हालचाल केली नाही, हा ठपका त्यात आहे.

म्हणून आता प्रत्येक प्रशिक्षकाची डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची तपासणी, पोरांना खासगी मेसेज बंद. कागद पुष्कळ!

परवा नऊ वर्षांचा गोलकीपर हातमोजे घालेना. मी शेजारी बसून संत्रं सोललं. चौथ्या फोडीला तो हळूच म्हणाला, “मला गोलात उभं राहायचंच नाहीये. बाबांना तुम्ही सांगाल?”